हौदाचं पान

मुलुंड (पश्चिम)
रविवार, ५ जून १९८३

प्रिय भाऊ,

दहा वर्षांनी पत्र टाकतोय म्हणून शिव्या घालशील, त्या घाल, पण आधी काम ऐक. आपल्या क्लबाला यंदा पन्नास वर्षं होतात आणि यंदाच तो बंद होतोय. कंपनीने मैदान बिल्डरला दिलं. दसरा झाला की पत्रे ठोकणार. चंद्रप्रकाश आता अध्यक्ष आहे. दशरथ फोरमन आठवतो ना, त्याचा मुलगा. तो म्हणाला, जाता जाता एक स्मरणिका काढू. दोन ऑक्टोबरला शेवटचा सामना, मग जेवण आणि स्मरणिकेचं प्रकाशन. इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलंय. जन्मभर पान्हे फिरवले, आता म्हातारपणी पेन फिरवतोय.

पण खरं सांगू, मजा येतेय. तेहतीस साली ट्यूब कंपनीतल्या वेल्श इंजिनियरांनी हा रग्बीचा क्लब काढला तो घरची आठवण येते म्हणून. त्यांना इंग्रज म्हटलं की ते कसे चिडायचे, ते मी पहिल्याच पानावर घातलंय. मग लढाई आली, साहेब लोक गेले, पंधरा गडी भरेनात, तेव्हा रीस साहेबाने वर्कशॉपमधून आपल्याला उचललं. तू मधे, मी तुझ्या डाव्या खांद्याला. स्क्रमच्या रेटारेटीत तू दोन्ही बाजूंच्या आम्हा दोघांच्या खांद्यांवर जवळजवळ लटकायचास आणि चेंडू पायाने मागे ओढायचास. माझा हात नऊ वर्षं तुझ्या पाठीवर होता.

सोबत एक पान पाठवतोय. स्मरणिकेत सगळ्यात पुढे जाणार आहे. तू तपासून दे.

"रीस साहेबांचे वडील कोळशाच्या खाणीत होते. खाणीतून वर आलेली माणसं एकाच टबात अंग धूत, म्हणून साहेबांनी मैदानावर खांब रोवायच्या आधी हौद बांधला. सामना संपला की बॉयलरचं गरम पाणी त्यात सोडत आणि सारा संघ चिखलासकट आत उतरे. नियम एकच. जिंकलो तर कप्तान पहिला उतरणार, हरलो तर सगळ्यांत शेवटी. त्या पाण्यात गोरा नव्हता, काळा नव्हता. साहेब नव्हता, कामगार नव्हता. जात नव्हती, पात नव्हती. ज्या देशात पाण्यावरून माणसं माणसांना दूर लोटत होती, तिथे मुलुंडच्या एका कोपऱ्यात पंधरा जण एका पाण्यात बसत होते."

कसं झालंय? वनमालेला वाचून दाखवलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता एका ओळीसाठी अडलोय. एकावन्न साली तू कप्तान झालास. क्लबाचा पहिला देशी कप्तान, आणि तुझं नाव मीच सुचवलं होतं हे विसरू नकोस. आणि त्याच वर्षी, ऐन मोसमात, ऑगस्टमध्ये तू क्लब सोडलास. का, ते मला आजवर कळलेलं नाही. इतिहासात काय लिहू? आणि दोन तारखेला तुला यायचंय. अर्धांगाने तुझी उजवी बाजू गेली असं कळलं, तेव्हा टॅक्सी करून नेऊ.

तुझा
गुणाजी राऊळ


बोरिवली (पूर्व)
१४ जून १९८३

प्रिय गुणाजी,

माझा उजवा हात वर्षभर रजेवर आहे, म्हणून मी बोलतोय आणि शकु लिहितेय. ही माझी थोरली. म्युनिसिपालटीच्या शाळेत बाई आहे, तेव्हा शुद्धलेखन तिचं आणि शहाणपण माझं असं समज. हिची आई सुंदराबाई गेली ते तुला कळलं असेलच. धाकटा शिवदास बँकेत लागला. बाकी आमचं बरं चाललंय.

पान शकुकडून दोनदा वाचून घेतलं. छान लिहिलंयस लेका. तू असा लिहितोस हे माहीत असतं तर युनियनचे अर्ज मी तुझ्याकडूनच लिहून घेतले असते. फक्त एक सांगून ठेवतो. हौदाला तीन नाही, चार पायऱ्या होत्या, पायऱ्यांचं तू पुढे कुठे लिहिणार असशील तर ध्यानात ठेव. चौथी पाण्याखाली असायची आणि नेमकी अंगठ्याला लागायची. बाकी पान वाचून वाटलं, असा क्लब असता तर मीही आणखी चार वर्षं राहिलो असतो.

सोडण्याचं काय विचारतोस. गुडघा धरला होता. शिवाय रात्रपाळी लागली होती. यातलं जे वाक्यात बसेल ते घाल.

दोन ऑक्टोबरचं बघू. चार माणसांनी उचलून न्यायला लागेन, आणि तुमच्यातले चौघे आता उचलण्यासारखे राहिले असतील असं वाटत नाही.

तुझा
भाऊराव खरात


मुलुंड (पश्चिम)
२२ जून १९८३

भाऊ,

गुडघा म्हणे. तुझा गुडघा मला माहीत नाही? नऊ वर्षं माझ्या गुडघ्याला लागून होता तो. आणि रात्रपाळी तुला त्रेपन्न साली लागली, मी तुझ्याच खात्यात होतो. माका शिकवू नको रे बाबा.

आज मनातलं बोलतोच. तू गेलास ते मला फार लागलं. एका शब्दाने सांगितलं नाहीस. सोमवारी कामावर आलो तर साहेब म्हणाला, खरातने राजीनामा दिला. तुझ्या जागी दुसरा उभा केला, त्याच्या पाठीवर माझा हात कधी नीट बसलाच नाही. डिसेंबरात माझं लग्न झालं. तू आला नाहीस. वनमालेने तुझं ताट झाकून ठेवलं होतं. नवी नवरी, तिला काय ठाऊक, तिला मी सांगून ठेवलं होतं की माझा सख्ख्या भावासारखा दोस्त येणार. त्यानंतर कॅन्टीनमध्ये भेटलास की हसायचास, घरचं विचारायचास, पण तो तू नव्हतास. बत्तीस वर्षं मी विचार करतोय, माझं काय चुकलं. कप्तान झाल्यावर तुला आम्ही नकोसे झालो, असंही वाटलं. वाईट वाटून घेऊ नकोस, पण वाटलं.

परवा कमिटीत हौदाचं पान वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रप्रकाश म्हणाला, काका, झकास, हेच पान आपण त्या दिवशी माइकवर वाचायचं.

आता तरी खरं कारण सांग.

गुणाजी


बोरिवली (पूर्व)
१ जुलै १९८३

गुणाजीकाका,

सप्रेम जयभीम.

हे पत्र मी शाळेतून लिहितेय. बाबांना माहीत नाही. तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, उत्तराची घाई नाही. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, संध्याकाळी जेवले नाहीत. म्हणून मी लिहितेय.

हौदाचं पान छापू नका.

माझी आई आम्हाला एक गोष्ट सांगायची, बाबांनी कधीच सांगितली नाही. बाबा तेव्हा महार होते, बौद्ध व्हायला अजून पाच वर्षं होती. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तुमच्या पानावर ते नाही आणि त्या हौदाशी ते होतं. तुम्ही सहा देशी खेळाडू होतात. बाबा नेहमी शेवटी उतरायचे. तोवर तुम्ही पाचही जण अंग धुऊन बाहेर आलेले असायचात. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं, आपसूक तसं बसून गेलं होतं. बाबांनाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मग तुम्ही त्यांना कप्तान केलंत. पहिले तीन सामने हरलात, त्यामुळे नियमाप्रमाणे बाबा शेवटीच उतरले आणि काही अडलं नाही. चौथा जिंकलात. कप्तान पहिला उतरला. मागून साहेब लोक उतरले. तुम्ही पाच जण बाहेरच्या नळावर अंग धुऊन घरी गेलात. बाबा पाण्यात बसून दाराकडे बघत होते. बाकीच्या चौघांची त्यांना आशा नव्हती. ते तुमची वाट बघत होते, काका.

माझे आजोबा साताऱ्याहून चालत महाडला गेले होते, तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला. त्यांच्या मुलाला तुम्ही तुमच्या पानावर 'जात नव्हती, पात नव्हती' अशा पाण्यात बसवलंय. हे वाचून बाबा तुम्हाला म्हणाले, छान लिहिलंयस. तुम्हाला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही का?

शकु खरात


(पोस्टकार्ड)
मुलुंड, ६ जुलै १९८३

चि. शकुस आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. उचलली जीभ लावली टाळ्याला असं शिकल्यासवरल्या मुलीने करू नये. मी तुझ्या घरी तुझ्या आईच्या हातची भाकरी खाल्लेली आहे. तुझ्या बापाला कप्तान मी केलं. माझ्या डोक्यात असलं काही कधी आलं नाही आणि असं काही घडल्याचं मला आठवत नाही. तुझ्या आईचा काही तरी गैरसमज झाला असणार. ती आता नाही, म्हणून जास्त बोलत नाही. पान छापलं जाईल. गुणाजी राऊळ.


मुलुंड (पश्चिम)
२४ जुलै १९८३

चि. शकु,

कार्डावर जे लिहिलं त्याची लाज वाटतेय. ते कार्ड तुमच्या चाळीत पोस्टमनसकट सगळ्यांनी वाचलं असणार, त्याचीही.

तुला खोटं पाडायचं म्हणून मी क्लबाचं जुनं इतिवृत्त काढलं. रीस साहेब प्रत्येक सामन्यानंतर स्वतःच्या हाताने लिहायचे. अकरा ऑगस्ट एकावन्न सापडला. इंग्रजीत चार ओळी आहेत. गोदीच्या संघाविरुद्ध तीन-शून्य. खरात यांचा कप्तान म्हणून पहिला विजय, अभिनंदन. आणि खाली, राऊळ हौदात नाही, पायाला गळू.

शकु, मला आयुष्यात कधी गळू झालेलं नाही.

ती ओळ वाचली आणि सगळं आठवलं. इतकं स्पष्ट आठवलं की बत्तीस वर्षं ते कुठे होतं याचंच नवल वाटलं. नळाचं पाणी गार होतं. आत साहेब लोक त्यांच्या भाषेत गात होते. बाकीचे चौघे भराभर अंग धुऊन निघून गेले. मी पाय धूत राहिलो. चिखल कधीच गेला होता, तरी धूत राहिलो. आत जायला पंधरा पावलं होती. तू म्हणशील घरच्यांचा धाक होता. होणाऱ्या सासऱ्यांचं नाव सांगून मला सुटता येईल, ते जुन्या वळणाचे होते. पण ते तेव्हा गावी होते. मला कोणी अडवलं नव्हतं. कोणी बघतही नव्हतं. स्क्रममध्ये त्याच्या मानेला मान लावताना मला काही वाटलं नाही, भाकरी खाताना वाटलं नाही, आणि त्याच्या अंगावरून आलेल्या पाण्यात उतरताना पाय पुढे जाईना. का, ते मला आजही सांगता येत नाही. मी उतरलो नाही, एवढं खरं आहे.

आणि त्याने राजीनामा दिल्याचं कळलं त्या सोमवारपासून मी त्याच्यावर रुसलो, की हा मला सोडून गेला. वनमालेला काल हे सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे मी बत्तीस वर्षं भावोजींना नावं ठेवली ती फुकटच का. मग ती उठून आत गेली.

एक विचारतो. साहेबाला गळूचं कोणी सांगितलं? मी तर सांगितलं नव्हतं.

हे पत्र भाऊला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

गुणाजीकाका


बोरिवली (पूर्व)
२ ऑगस्ट १९८३

प्रिय गुणाजी,

पोरीने तुमच्या दोघांचा सगळा पत्रव्यवहार समोर आणून ठेवला. तिला आधी रागावलो. माणूस म्हातारपणी डोक्यात एक चांगला क्लब बांधून बसलाय तर बसू दे की, तुझं काय जातंय, असं म्हणालो. ती म्हणाली, माझं जातंय. मग मीच तिला पेन उचल म्हणालो.

गळू मी दिलं तुला. साहेब पाण्यात बसल्या बसल्या म्हणाला, "राऊळ कुठे आहे? तुझा जोडीदार ना तो?" बाकीच्यांचं त्याने विचारलं नाही. आता काय सांगू त्याला? आमच्या घरातलं भांडण परक्याला सांगायची लाज वाटली. आणि तुझीही लाज राखायची होती. तोंडाला येईल ते बोललो. साहेबाने लगेच विचारलं, कोणत्या पायाला. उजव्या म्हणालो.

तुला कारण पाहिजे होतं ना, आता लिहून घे. शकुला वाटतं मी रागाने सोडलं. सुंदराबाईलाही तसंच वाटायचं आणि मी ते तसंच राहू दिलं, कारण खरं कारण त्याहून वाईट आहे.

त्याच्या पुढच्या शनिवारी कुर्ल्याच्या संघाशी सामना होता. आपण पुढे होतो, दहा मिनिटं राहिली होती, चेंडू माझ्या हातात होता आणि मैदान मोकळं होतं. मी पळता पळता हिशेब करायला लागलो. हा सामना जिंकला की मी पहिला उतरणार. मग गुणाजी परत नळावर जाणार. दर शनिवारी जाणार. साहेबाला मी किती गळवं सांगणार? आणि हरलो तर मी शेवटी उतरेन, सगळं पहिल्यासारखं होईल, तू कोमट पाण्यात बसशील. मी चेंडू सोडला गुणाजी. हातातून सुटल्यासारखं केलं आणि सोडला. त्यांच्या पोराने उचलला आणि लाइनीपलीकडे नेऊन टेकवला. हरलो. तू मला उठवायला आलास. म्हणालास, "होतं रे कधीकधी, चिखल आहे." आठवतं?

त्या संध्याकाळी मी शेवटी उतरलो. एकटाच होतो. पाणी गार झालं होतं. चौदा जणांनी अंग मोडून घेतलं होतं आणि त्यांच्या कप्तानाने सामना विकला होता, तोही कशासाठी? दुसऱ्या दिवशी साहेबाच्या घरी जाऊन राजीनामा दिला. जिंकायची भीती वाटायला लागली की खेळणाऱ्याने थांबावं.

तेव्हा तू उतरला नाहीस हे तुझं, आणि चेंडू सोडला हे माझं. तुझ्या चुकीचं ओझं तुझ्याकडे, माझं माझ्याकडे. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. आता शकुच्या हाताने लिहून झालं.

पान बदल किंवा बदलू नकोस, मी काही म्हणणार नाही. पण तू ये. रविवारी शकु घरी असते. बोलायचं नसेल तर बोलू नको, नुसता बस.

भाऊ

काका, खालचं माझं आहे, बाबांना वाचून दाखवणार नाही. त्यांना हे सांगायला तीन दिवस लागले. मधेमधे थांबत होते. डॉक्टर म्हणतात दुसरा झटका कधीही येऊ शकतो. येत्या रविवारीच या. शकु.


मुलुंड (पश्चिम)
१२ ऑगस्ट १९८३

प्रिय भाऊ,

तुझं पत्र रोज वाचतो. गेल्या रविवारी निघालोच होतो, पण छापखान्याच्या माणसाने नेमकं त्याच दिवशी बोलावलं. पुढच्या रविवारी चंद्रप्रकाशने जाहिराती गोळा करायला नेलं तर तेही चुकवता येणार नाही. पण येतो. तुझ्यासमोर कसा उभा राहू ते एकदा ठरलं की आलोच. वनमाला रोज विचारते, गेला नाहीत? चेंडूचं मनाला लावून घेऊ नकोस. तो तू सोडला नाहीस, मी सोडायला लावला.

पान मी नव्याने लिहायला घेतलंय. चार वेळा फाडलं.

गुणाजी


(पोस्टकार्ड)
बोरिवली, २९ ऑगस्ट १९८३

काका, चार रविवार झाले. दर रविवारी बाबा सकाळी माझ्याकडून दाढी करून घेतात आणि इस्त्रीचा सदरा घालून बसतात. चार वाजले की म्हणतात, काढ गं सदरा, घामाने खराब होईल. काल म्हणाले, त्याला गळू झालं असेल. ते हसले, मला हसता आलं नाही. तुम्ही माफी मागा असं आमच्यापैकी कोणीच म्हटलेलं नाही. फक्त या. शकु.


(पोस्टकार्ड)
मुलुंड, ८ सप्टेंबर १९८३

चि. शकुस आ. शनिवारी घरी गणपती येतोय, पाच दिवसांचा. देव घरात असताना बाहेर पडणं जमत नाही. विसर्जन झालं की रविवारी अठरा तारखेला नक्की, वनमालाही बरोबर येते म्हणते. नवीन पान लिहून झालंय, चंद्रप्रकाशच्या कानावर घालायचं राहिलंय. भाऊला सांग, अठरा तारीख. गुणाजीकाका.


बोरिवली (पूर्व)
२४ सप्टेंबर १९८३

गुणाजीकाका,

जयभीम.

बाबा पंधराला, गुरुवारी दुपारी गेले. तुम्ही शुक्रवारी आलात, तेव्हा हे तुम्हाला माहीत आहे. शिवदास तुमच्याकडे निरोप घेऊन आला आणि तुम्ही त्याच्याबरोबर तसेच निघालात, हे त्याने मला सांगितलं. तुम्ही माझ्याशी काही न बोलता स्मशानातून परत गेलात, म्हणून लिहितेय.

पटांगणात बाकावर बाबांना अंघोळ घातली. पहिला तांब्या शिवदासने घातला, मग मी, मग मावशा, मग चाळीतले शेजारी. तुम्ही जिन्याशी उभे होतात. चपला पायात होत्या आणि हातात हाराची पुडी होती, ती तुम्ही सोडली नव्हती. भंतेजी थांबले होते. शिवदासने विचारलं, अजून कोण राहिलंय का. मी तांब्या भरला आणि तुमच्याकडे बघितलं. तुम्हीही माझ्याकडे बघितलंत. मी बराच वेळ तांब्या धरून उभी होते, शेवटी शेजारच्या जानकीबाई म्हणाल्या, शकु, उरक आता. तुम्ही मान खाली घातलीत. तो तांब्या मग मीच घातला.

मला भांडायचं नाही. बाबा भांडले नाहीत, तर मी कोण? फक्त विचारायचंय. एकावन्न साली कोणाची भीती वाटली ते तुम्हाला सांगता आलं नाही. परवा कोणाची वाटली?

शकु


मुलुंड (पश्चिम)
३ ऑक्टोबर १९८३

चि. शकु,

तुझी वाटली. त्याची वाटली. तू तांब्या धरून उभी होतीस आणि माझ्या मनात एकच आलं, ज्याच्या पाण्याला मी टाळलं त्याला आता माझ्या हातचं पाणी चालेल का. हे विचारायचं कोणाला? ज्याने 'चालतं रे, घाल' म्हटलं असतं तो बाकावर पडला होता. पाय हलेनात. मला वाटलं मी मान राखतोय. बाहेर पडल्यावर कळलं की मी परत तेच केलं.

काल क्लबाचा शेवटचा दिवस झाला. तुला हे ऐकायचं नसेल, पण मला सांगायचंय. नवीन पान छापलं गेलं नाही. मी चंद्रप्रकाशकडे ते नेलं तोवर छापखान्यात पानांचे फर्मे छापून झाले होते. तो म्हणाला, काका, आता वाट लावू नका, आणि शेवटच्या दिवशी हे कशाला उकरायचं? मी ऑगस्टमध्येच नेलं असतं तर जागा होती. जुनं पान तीनशे प्रतींत गेलं. चंद्रप्रकाशने ते माइकवर वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला स्टेजवर बोलावून शाल दिली.

मी माइक मागून घेतला. म्हणालो, हे पान खोटं आहे. कप्तान भाऊराव खरात पहिला उतरला आणि आम्ही पाच जण उतरलो नाही, कारण तो महार होता. त्या पाचांत मी होतो. तो आमचा कप्तान होता आणि माझा मित्र होता. तो गेल्या महिन्यात वारला. एवढं बोललो आणि मला रडू कोसळलं. तुझ्या बापाच्या चेंडूचं बोललो नाही, ते त्याने माझ्याकडे दिलेलं आहे आणि माझ्याकडेच राहील.

काय झालं असेल सांग? लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. दोघंतिघं येऊन पाठीवर हात ठेवून गेले, मित्र गेल्याचं दुःख मोठं असतं म्हणाले. एक जण म्हणाला, राऊळ, तुमचं मन मोठं. मग जेवणाची पानं मांडली. माझ्यावर कोणी रागावलं नाही, कोणी काही विचारलं नाही. मी जेवलो नाही. वनमाला मला हाताला धरून घरी घेऊन आली.

तीनशे माणसांसमोर बोललो, शकु, आणि कोणालाच ते ऐकायचं नव्हतं. ऐकायचं होतं ते एकाच माणसाला. तो दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून माझ्यासाठी सहा रविवार बसला, आणि मी त्यांतल्या एकाही रविवारी गेलो नाही.

गुणाजी राऊळ